गावातला वर्ग कशासाठी?

प्रचलित समजूत

शिवणकाम, तबला, चित्रकला, बेकरीचे पदार्थ, मोटार रिवाइंडिंग, कलम बांधणे, छायाचित्रण असे काहीही शिकवणाऱ्या छोट्या स्थानिक वर्गांविषयी ग्रामीण महाराष्ट्रात एक समजूत पक्की बसलेली आहे. छंद शिकणे ही शहरातल्या रिकाम्या वेळेची चैन आहे आणि गावाला हवे ते फक्त पोटापाण्याचे प्रशिक्षण, अशी ती समजूत. सरकारी योजना तिच्यावरच उभ्या आहेत. मुलाला क्लासला घालताना आईबापही आधी हेच विचारतात: ‘याचा पुढे उपयोग काय?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र फार लवकर आणि फार आखूड दिले जाते.

उदाहरणादाखल कळंब घ्या. आंबेगाव तालुक्यातले हे गाव पुणे-नाशिक महामार्गावर, मंचर आणि नारायणगाव यांच्या मध्ये, घोड नदीच्या काठी आहे. वर डिंभे धरण आहे. पाण्यामुळे या पट्ट्यात ऊस, कांदा, बटाटा, टोमॅटो आणि दूध यांचा पैसा फिरतो. कारखाना, बाजार समिती, पतसंस्था आणि दूध संस्था या सगळ्यांची माणसांना सवय आहे. तरीही या भागातल्या पस्तिशीच्या बाईला पेटी शिकावीशी वाटली, किंवा पन्नाशीच्या शेतकऱ्याला लाकूडकाम शिकावेसे वाटले, तर त्यांना कोणत्या दारात जायचे हे चटकन सांगता येत नाही. सहकारात पुढारलेल्या पट्ट्यात ही उणीव असावी, याचे कारण पैशाची चणचण नसून विचारातला दोष आहे.

प्रस्तुत प्रतिपादन असे की, स्थानिक वर्गाचे मोल त्यातून किती जणांना काम मिळाले यावर ठरवणे उथळ आहे. वर्गामुळे कौशल्य घराण्याच्या आणि जातीच्या कुंपणाबाहेर येते, प्रौढ माणसाला चुकण्याची मुभा मिळते आणि कमाईच्या कौशल्याचीही मुळे बिनकमाईच्या सरावात रुजतात. म्हणून वर्ग ही वाचनालयासारखी गावाची कायमची सोय असली पाहिजे. योजना आली की भरवायचा आणि निधी संपला की मोडायचा, असा तो उपक्रम असू नये.

१. वर्ग कशाने होतो

फळा, बाके आणि प्रमाणपत्र यांनी वर्ग होत नाही. त्याला तीन गोष्टी लागतात: ठरलेली वेळ, चूक पाहून ती तिथल्या तिथे दाखवणारे माणूस आणि बरोबरीने चुकणारे सोबती. यातली एक गळाली तरी उरते ते व्याख्यान किंवा प्रात्यक्षिक. गावात होणाऱ्या पुष्कळ कार्यशाळा प्रत्यक्षात प्रात्यक्षिकेच असतात. एक दिवस पाहुणे येतात, मशरूमच्या पिशव्या भरून दाखवतात, गटाचा फोटो निघतो आणि सगळे घरी जातात. पिशवीत हिरवी बुरशी धरते ती पुढच्या काही दिवसांत, आणि तेव्हा विचारायला कोणी नसते.

याच्या उलट उदाहरण शेतीतच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरील तपकिरी तुडतुड्यांचा प्रश्न हाताळताना शेतकऱ्यांची शाळा शेतातच भरवली. तीच पद्धत पुढे महाराष्ट्रात कृषी विभागाच्या ‘शेतीशाळा’ या नावाने रुजली. पेरणीपासून काढणीपर्यंत ठरावीक अंतराने तोच गट त्याच शेतात जमतो. झाडे निवडून किडी आणि मित्रकीटक मोजले जातात, कागदावर चित्र काढले जाते आणि फवारायचे की थांबायचे यावर वाद होतो. पुढच्या बैठकीला आपलाच निर्णय बरोबर ठरला की चुकला हे पीक दाखवते. शेतीशाळेचे खरे बळ या परत येण्यात आहे. नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे, म्हणजे उत्तर पुणे जिल्ह्याला प्रशिक्षणाची जागा नवी नाही. देशातले पहिले असे केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीला सुरू झाले. शेतीला पन्नास वर्षांपूर्वी जे कळले, ते बाकीच्या कौशल्यांच्या बाबतीत अजून कळायचे आहे.

२. परंपरा शिकवत होती, पण कोणाला

पहिला आक्षेप सुसंस्कृत मंडळींकडून येतो. त्यांच्या मते गावाला वर्गांची गरजच नाही, कारण गाव स्वतःच शाळा आहे. सुताराचा मुलगा रंध्याशेजारी, कुंभाराचा चाकाशेजारी आणि तमाशा कलावंताचे लेकरू बोर्डावर शिकत आले. या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. कौशल्य हाताकडून हाताकडे जाते, आणि ती शिकवण कोणत्याही अभ्यासक्रमापेक्षा खोल होती. उरलेले अर्धे सत्य असे की ती शिकवण कुंपणातली होती.

नारायणगावला तमाशापंढरी म्हणतात. जत्रांच्या हंगामात तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या थोर कलावतीचे नाव या गावाशी कायमचे जोडलेले आहे. त्यांना तमाशा मिळाला तो वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या फडातून. असे शिक्षण कोणत्याही संस्थेला देता आले नसते, हे मान्यच करावे लागेल. पण ते घेण्यासाठी विशिष्ट घरात जन्म घ्यावा लागे, आणि त्या जन्माबरोबर समाजाची हेटाळणीही वाट्याला येई. बाकीचे गाव टाळ्या वाजवायला येई, ढोलकी शिकायला येत नसे. वर्षानुवर्षे ज्या मातीत ही कला नांदली, तिथल्या शाळकरी मुलामुलींना ढोलकीचा ठेका, लावणीची अदा किंवा वगाची रचना शिकवणारा कायमचा, सर्वांना खुला वर्ग नसेल, तर परंपरेचा अभिमान अपुरा पडतो.

कुंपणातल्या कौशल्याचे दुसरे दुखणे म्हणजे ते एका पिढीत संपू शकते. जुन्नरला हातकागद करणाऱ्या कागदी कुटुंबांची वस्ती होती आणि जुन्नरी कागद दप्तरांना माहीत होता. गिरणीचा कागद आला, त्या थोड्या घरांचा धंदा बसला आणि घरांबाहेर कोणाला लगदा करणे, साच्यावर कागद उचलणे आणि घोटणे येत नसल्याने व्यवसायाबरोबर विद्याही गेली. धंदा बुडणे कदाचित अटळ होते. विद्या बुडणे अटळ नव्हते. ज्यांचे पोट तिच्यावर नाही अशा चार-दोनशे माणसांना ती हौस म्हणून येत असती, तर आज ती शिकायला जुन्नरबाहेर जावे लागले नसते. छंद हा मरणाऱ्या व्यवसायाचा शेवटचा राखणदार असतो, हे रोजगाराच्या हिशेबात बसत नाही आणि म्हणून दिसतही नाही.

त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या ग्रंथात अलुत्या-बलुत्यांची जी व्यवस्था तपशिलाने मांडली आहे, ती कौशल्याची वाटणीही होती. कोणी काय शिकायचे हे जन्माने ठरे आणि कोणी काय शिकायचे नाही हेही जन्मानेच ठरे. वर्ग या वाटणीला छेद देतो. फी भरली किंवा नुसते येऊन बसले की शिकता येते, ही गोष्ट आज साधी वाटते. ती साधी नव्हती. कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णू दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यापूर्वी ज्या गाण्यासाठी उस्तादाच्या घरी वर्षे काढावी लागत आणि तरीही विद्या मिळेलच याची खात्री नसे, ते आता वेळापत्रक, इयत्ता आणि परीक्षा यांच्यासह सर्वांना खुले झाले. घराण्यातली खोली त्यामुळे पातळ झाली, असा आरोप झाला. तो काही अंशी खराही आहे. पण आज तालुक्याच्या गावांत गांधर्वच्या परीक्षांना बसणारी मुले दिसतात आणि गाणे ऐकून समजणारा श्रोतृवर्ग आहे, याचे श्रेय या वर्गांनाच आहे. मोठे गवई घडवणे आणि समाजाला गाणे कळणे ही दोन वेगळी कामे आहेत. वर्गाकडून दुसऱ्या कामाची अपेक्षा करावी.

या परिसरात याहून जवळचे उदाहरण आळंदीचे. जोग महाराजांनी १९१७ मध्ये तिथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. कीर्तन, गायन आणि पखवाज शिकलेले विद्यार्थी गावोगाव गेले आणि अखंड हरिनाम सप्ताहांना साथीदार मिळत राहिले. गावातले भजनी मंडळ हाच या भागातला सर्वांत टिकाऊ संगीतवर्ग आहे. एकादशीला जमायचे, मागे बसून टाळ धरायचा, ताल चुकला तर पुढच्याने मान वळवून बघायचे आणि काही वर्षांनी पुढे सरकायचे. कोणालाही रोजगार मिळावा म्हणून ते चालत नाही. बहुधा म्हणूनच ते टिकले आहे.

३. पाबळने काय दाखवले

कळंबपासून फार दूर नसलेल्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. ते अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ होते आणि हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधन सोडून पाबळला आले होते. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे हे केंद्र. शाळेत नापास ठरलेला मुलगा मठ्ठ नसतो, त्याला हाताने शिकता येते आणि पुस्तकाने शिकता येत नाही, एवढाच फरक असतो, हा त्यामागचा विचार. ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम तिथे चालतो. त्याशिवाय शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय त्यांनी घडवला. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचे. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार विभाग.

या प्रयोगातल्या तीन गोष्टी स्थानिक वर्गांच्या विचारात फार मोलाच्या आहेत. पहिली, चारही विभाग सर्वांनी करायचे. मुलींनी वेल्डिंग करायचे आणि मुलांनी स्वयंपाक. दुसरी, शिकवणारा शक्यतो गावातलाच कारागीर. वायरिंग करणारा किंवा फॅब्रिकेशनचे दुकान असणारा माणूस मानधनावर शिकवतो. त्याच्याकडे पदवी नसते, पण काम रोजचे असते. तिसरी, शिकताना केलेले काम खरे असते. गावातल्या कोणाला गेट हवे, कोणाला माती तपासून हवी, ते मुले करतात आणि साहित्याचा खर्च ग्राहक देतो. काम खोटे असले की चूकही खोटी असते. गेट लागलेच नाही तर चूक पदरात पडते आणि शिकवून जाते.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या बाहेर उभ्या राहिलेल्या पहिल्या फॅबलॅबांमध्ये पाबळचे नाव घेतले जाते. संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची ही कार्यशाळा जगातल्या एका अग्रगण्य संस्थेने पुणे जिल्ह्यातल्या अवर्षणप्रवण गावात का उभारू द्यावी? कारण तिथे हाताने करून पाहण्याची सवय आधीच होती. यंत्र कोणत्याही गावाला देता येते. ते वापरायला लागणारे धाडस आणि कुतूहल वर्षानुवर्षांच्या बैठकीने येते, आणि पाबळकडे ती बैठक होती.

४. छंद आणि कमाई यांची फारकत का टिकत नाही

रोजगाराभिमुख योजनांचा तपशील पाहिला की त्यांची मर्यादा दिसते. महाराष्ट्रात १९ ऑक्टोबर २०२३ रोजी ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. प्राथमिक प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचे, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. ही मदत चांगली आहे आणि कारागिरांना ती मिळालीच पाहिजे. पण आठवड्यात कोणी सुतार होत नाही. योजना गृहीत धरते की माणूस आधीपासून सुतार आहे. तो कुठे शिकला? घरात. ज्याच्या घरात रंधा नव्हता, त्याच्यासाठी दार त्याच्याही आधी कुठेतरी उघडावे लागेल. आयटीआय आहे, ते वयात आलेल्या, पूर्ण वेळ देऊ शकणाऱ्या मुलांसाठी. चाळिशीच्या माणसाला काम सांभाळून दीड तास शिकू देणारी जागा या सगळ्या रचनेत कुठेच नाही.

शिवाय कमाईच्या कौशल्याची वाढ कशी होते, हेही पाहावे. ब्लाउजचा मुंढा नीट बसवायला शिकलेली बाई पहिली दोन-चार वर्षे घरच्यांचे आणि शेजारणींचे शिवते. तिथे कापड बिघडते, मापे चुकतात आणि पैसे कोणी मागत नाही, देतही नाही. गिऱ्हाईक येते ते त्यानंतर. ही बिनकमाईची वर्षे म्हणजे छंदच. प्रशिक्षण संपल्याच्या दुसऱ्या महिन्यात उत्पन्न किती, असे विचारणारे मूल्यमापन ती वर्षेच पुसून टाकते. मग शिलाई मशीन घरात झाकून पडते आणि ‘बायकांना शिकवून उपयोग नाही’ असा निष्कर्ष निघतो.

याचा मोठा पुरावा डेन्मार्कच्या इतिहासात आहे. ग्रुंडविग या विचारवंताच्या प्रेरणेने १८४४ मध्ये रोडिंग येथे पहिली लोकशाळा निघाली. हिवाळ्यात शेती थांबली की शेतकऱ्यांची तरुण मुले तिथे राहायला येत. परीक्षा नाही आणि पदवीही नाही. इतिहास, गाणी आणि एकत्र चर्चा यांवर भर. धंदेवाईक दृष्टीने हा शुद्ध वेळेचा अपव्यय होता. १८८२ मध्ये त्याच देशात पहिली सहकारी दुग्धशाळा उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत डॅनिश लोणी जगाच्या बाजारात गेले. तिथल्या सहकाराला लागणारी माणसे, म्हणजे सभेत बोलणारी, दुसऱ्याचे ऐकणारी आणि हिशेब मागणारी, या लोकशाळांनी घडवली, असे अनेक इतिहासकार मानतात. सहकार फक्त लोकशाळांमुळे आला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण शेतकऱ्याच्या मुलाला गाणे आणि इतिहास शिकवल्याने शेती बुडत नाही, एवढे तरी त्यातून सिद्ध होते. दुधावर आणि सहकारावर चालणाऱ्या आंबेगाव-जुन्नरला हा दाखला परका वाटू नये.

५. आणखी तीन आक्षेप

मोबाइलवर सगळे शिकता येते, हा सध्याचा सर्वांत ठाम आक्षेप. व्हिडिओ खरोखर उपयोगी आहेत. पूर्वी जे पाहायलाच मिळत नसे ते आता कोणालाही दिसते. पण व्हिडिओ दुसऱ्याचा बरोबर हात दाखवतो, शिकणाऱ्याचा चुकलेला हात त्याला दिसत नाही. डाळिंबाची छाटणी पाहून कळते, पण आपल्या झाडावर कात्री चालवताना कोणता डोळा ठेवायचा ते शेजारी उभा असलेला माणूसच सांगतो. व्हिडिओ कधीही बंद करता येतो, हाही त्याचा गुण समजला जातो. शिकण्याच्या बाबतीत तो दोष आहे. मंगळवारी पाच जण वाट पाहणार आहेत ही जाणीव कंटाळ्याच्या दिवशीही माणसाला घराबाहेर काढते.

शेतकऱ्याला वेळ कुठे आहे, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कांदा लागवडीच्या आणि काढणीच्या दिवसांत खरोखर वेळ नसतो आणि चैत्र-वैशाखात यात्रा असतात. पण याचा अर्थ वर्ग शेतीच्या पंचांगावर बसवावा असा होतो, वर्ग नसावा असा होत नाही. जानेवारी ते डिसेंबर सरसकट चालणारा शहरी नमुना इथे आणला तर तो मोडणारच.

तिसरा आक्षेप शिक्षकांच्या टंचाईचा. तो खरा नाही. निवृत्त शिक्षक, गवंडी, पखवाजवादक, मोटार दुरुस्त करणारे, रोपवाटिका चालवणारे आणि गोधडी शिवणाऱ्या म्हाताऱ्या आया प्रत्येक गावात असतात. त्यांना शिक्षक म्हणण्याची सवय गावाला नाही, इतकेच.

६. कळंबसारख्या गावातला वर्ग

अशा गावातल्या वर्गाची रचना स्थानिक अडचणी ओळखून करावी लागेल. इथली माणसे गावठाणात कमी आणि मळ्यांवर, वस्त्यांवर जास्त राहतात. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर नेहमीचा आहे. अंधार पडल्यावर बाई किंवा शाळकरी मूल मळ्यातून गावात येऊ शकत नाही आणि त्यांनी यावे अशी अपेक्षाही कोणी करू नये. म्हणून संध्याकाळचा वर्ग हा शहरी संकेत सोडून द्यावा. बायकांसाठी दुपारची, धारा काढण्याच्या आधीची वेळ सोयीची, मुलांसाठी शाळेला जोडून आणि पुरुषांसाठी रविवारची सकाळ. शेतीची वीज दिवसा आहे की रात्री, हेही पाहावे लागते. पाणी भरायची पाळी असेल त्या दिवशी कोणी येत नाही.

जागा नवी बांधण्याची गरज नाही. सुट्टीच्या दिवशी शाळेची खोली, समाजमंदिर, दूध संस्थेचे दालन किंवा वाचनालय यांपैकी काहीही चालेल. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे. त्यातून गावोगाव अनुदानित वाचनालये उभी राहिली. त्याच खोलीत आठवड्यातून दोनदा अवजारे आणि वाद्ये निघाली तर वाचनालयाचाही जीव वाढेल.

विषय ठरवताना सर्वांत मोठी काळजी घ्यायची ती वाटणीची. बायकांना शिवण आणि ब्यूटी पार्लर, पुरुषांना ट्रॅक्टर आणि वायरिंग, ही नवी बलुतेदारी आहे. कांद्याची लागवड बायका करतात, पण पंपाचा स्टार्टर बिघडला की त्यांना पुरुषाची वाट पाहावी लागते. स्टार्टर, फ्यूज आणि फेज समजावणारा चार बैठकांचा वर्ग बायकांसाठी घेतला तर त्यांच्या रोजच्या दिवसात फरक पडेल. पखवाज शिकणाऱ्या मुली आणि भाकरी शिकणारी मुले हेही तितकेच आवश्यक.

पैशाचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. अनेकदा तो खर्च एकदाच वाटप करून संपवला जातो. तीच रक्कम स्थानिक शिक्षकाचे वर्षभराचे मानधन होऊ शकते. बाकीची थोडी फी शिकणाऱ्याने द्यावी. फुकट दिलेल्या वर्गाची हजेरी लवकर गळते, आणि थोडी फी दिली की शिकणाराही हक्काने प्रश्न विचारतो. ज्याला तीही जड जाते, त्याच्यासाठी कामाच्या बदल्यात शिकण्याची सोय ठेवावी.

महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तिच्या नेहमीच्या तारखा. यांतल्या कोणत्याही सभेत एका नागरिकाने उभे राहून तीन गोष्टी मागाव्यात: एक खोली, आठवड्यातले दोन ठरलेले दिवस आणि गावातल्या एका जाणत्या माणसाला वर्षभराचे मानधन. किती जणांना नोकरी लागेल, असे कोणी विचारलेच, तर पहिल्या वर्षी त्याचे उत्तर देण्याचे बंधन मानू नये. दुसऱ्या वर्षी किती जण परत आले, हे मात्र ग्रामसभेत वाचून दाखवावे.